न बोललेली मागणी

गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, नशा करणाऱ्या आरोपींना तुरुंगाऐवजी उपचारांवर ठेवणाऱ्या ड्रग कोर्टाने वेंडल हॉलब्रुकला नाकारलं. कारण एका ओळीत होतं: या माणसाला व्यसन नाही.

त्याच्या बायकोला हे कळायला आठ वाजले. डीना हॉलब्रुक तेव्हा शाळेची बस चालवत होती. फोन पुढच्या खणात तीनदा थरथरला, तिन्ही वेळा वकिलाचं नाव दिसलं. बस चालवताना फोनला हात लावला तर नोकरी जाते. त्यामुळे ती लॉरेल फोर्कच्या वळणांवर थांब्यामागून थांबा घेत राहिली, दार उघडत-मिटत राहिली. शेवटचं मूल उतरलं तशी तिने शाळेच्या मागच्या आवारात बस लावली आणि इंजिन बंद करायच्या आधीच फोन लावला.

"मिस स्लोन, झालं का? घेतलं त्याला?"

"नाही घेतलं."

ग्रेटा स्लोन ही वेंडलला सरकारकडून मिळालेली वकील. वय एकोणतीस, डोक्यावर दीडशे आरोपी, त्यामुळे वाक्यं तोडून बोलायची. "मंगळवारी प्रॅटर तुरुंगात गेला होता. ड्रग कोर्टाचा तपासनीस. प्रश्न विचारतो, गुण देतो. वेंडल म्हणाला, महिन्यातून एखाद-दोनदा, पाठ दुखली की. गुण इतके कमी आले की त्याला उपचारांची गरजच नाही."

डीना हसली. रिकाम्या बसमध्ये ते हसणं तिचं तिलाच विचित्र वाटलं. "वेंडलला? गरज नाही?"

"त्याच्याच तोंडून. आणि व्यसन नसलेला माणूस तांब्याच्या तारा चोरतो तेव्हा तो नुसता चोर असतो. कॉडिल हेच म्हणाला. चोरांसाठी तुरुंग आहेत म्हणाला."

कॉडिल हा काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, सरकारी वकील. बंद पडलेल्या कोळसा कारखान्यातून तारा काढल्याचा आणि खिशात मेथ या नशेच्या पावडरीची पुडी सापडल्याचा असे दोन आरोप वेंडलवर होते. आधीचे दोन गुन्हे सिद्ध झालेले, म्हणून कॉडिलने या खेपेला सराईत गुन्हेगाराचं कलम जोडलं होतं. ते कलम राहिलं तर कमीत कमी दहा वर्षं. येत्या सोमवारी खटल्यासाठी ज्युरी बसणार होती. ड्रग कोर्ट याला घ्यायला तयार झालं तर कलम मागे घेण्याचा विचार करीन, असं कॉडिल एकदा बोलून गेला होता. तसं झालं असतं तर वेंडल घरी राहिला असता. आठवड्यातून तीनदा लघवीच्या तपासणीची बाटली भरून दिली असती, काम केलं असतं, दर गुरुवारी जज्जसमोर उभा राहिला असता. नाहीतर दहा वर्षांनी सुटून येईपर्यंत दोन्ही मुली घरातून गेलेल्या असणार होत्या.

"म्हणजे संपलं?" डीनाने विचारलं.

"अजून नाही. आज एक जागा रिकामी होतेय. रोझीन बेट्सचे उपचार आज पूर्ण होतायत, दुपारी तिचा समारंभ आहे. त्याआधी बारा वाजता सगळे बसतात. जज्ज, कॉडिल, प्रॅटर, उपचार केंद्राची बाई, मी. पुढची जागा थेट वसंतात. प्रॅटरशी मी आत्ताच भांडले. तो म्हणतो, घरचं नसलेलं कुणीतरी येऊन सांगू दे की हा माणूस खरंच बुडालेला आहे, मग मी पुन्हा तुरुंगात जाऊन त्याला विचारतो."

"आणते मी माणूस."

"थांबा, पुढचं ऐका. उत्तरं वेंडलने द्यायची आहेत. तुम्ही त्याला काही शिकवायचं नाही. तुरुंगातला प्रत्येक फोन टेप होतो आणि कॉडिल हवे ते गाडीत बसून ऐकतो. लोक रेडिओ ऐकतात, तो हे ऐकतो. तुमच्या तोंडून एक शब्द जरी ‘असं सांग’ म्हणून निघाला तरी खेळ खलास."

डीनाने फोन ठेवला. वेंडलला अटक झाल्यापासून तीन महिने ती नुसती वाट पाहत होती. आज पहिल्यांदा हातपाय हलवण्यासारखं काहीतरी समोर आलं होतं, आणि ते बारा वाजेपर्यंतच होतं. बसच्या किल्ल्या कचेरीत टाकून ती आपल्या गाडीकडे जवळजवळ पळत गेली.

महिन्यातून एखाद-दोनदा, पाठ दुखली की. ते उत्तर कुठून आलं हे तिला चांगलं माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी खाणीत छत कोसळून वेंडलची पाठ गेली, गोळ्या सुरू झाल्या आणि मग गोळ्यांनी त्याला धरलं. घरात नशा दिसली तर मुलं घेऊन जाणाऱ्या सरकारी मुलांच्या खात्याची बाई चौकशीला आली तेव्हा डीनानेच स्वयंपाकघरात त्याच्याकडून हे वाक्य घोकून घेतलं होतं. बाई दोन प्रश्न विचारून निघून गेली, मुली घरात राहिल्या. पुढे गोळ्या गेल्या, दुसरं काय काय आलं, पण वाक्य तेच राहिलं. आधीच्या दोन्ही गुन्ह्यांत कोर्टाने नेमलेल्या देखरेखीच्या अधिकाऱ्यासमोर तेच चाललं. झोपायच्या आधी शेगडी बंद आहे ना बघावी, तशी त्या घरातली ती सवय झाली होती.

घरचं नसलेलं माणूस म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर एकच आला: ब्रदर एस्टिल. चर्चचा पाद्री, आणि त्याआधी चाळीस वर्षं कोळशाच्या ट्रकांचा मेकॅनिक. काउंटीत त्याच्या शब्दाला कॉडिलसुद्धा मान द्यायचा, कारण कॉडिलच्या बापाचा ट्रक त्यानेच चालता ठेवला होता.

गुरुवार असल्यामुळे चर्चच्या तळघरात करंज्यांचा घाणा चालू होता. वाळवलेली सफरचंदं शिजवून, दालचिनी घालून, पोळीत भरून, काठ काट्याने दाबून चरबीत तळायच्या, अर्ध्या चंद्रासारख्या. दुपारी कोर्टाच्या पायऱ्यांवर मांडल्या की कारकून आणि वकील उभ्याउभ्या संपवायचे, आणि त्या पैशांवर चर्चचं छप्पर एक-एक पत्रा करून बदललं जात होतं. पाच बाया टेबलाभोवती होत्या. ब्रदर एस्टिल शेगडीपाशी झारा घेऊन उभा होता. काठ दाबायचं काम त्याच्याकडे कुणी देत नसे.

"डीना, हात धू आणि ये," व्हर्ना म्हणाली. व्हर्ना डीनाची शेजारीण, सत्तरीची, या टेबलाची अनभिषिक्त मुकादम. "लाटायला धड कुणी नाही. हिच्या पोळ्या बघ, राज्याच्या नकाशासारख्या."

"नकाशा तरी ओळखू येतो," लाटणारी बाई म्हणाली. "तुझ्या करंज्या तर फुटतातच."

"मी लाटायला नाही आले." डीना शेगडीपाशी गेली. "ब्रदर एस्टिल, तुम्ही माझ्याबरोबर कोर्टात चला. आत्ता. प्रॅटरला सांगायचंय की वेंडल नशा करतो. रोज करतो. तसं सांगितलं नाही तर त्याला दहा वर्षं आहेत."

टेबलावरचे काटे थांबले. ब्रदर एस्टिलने झारा भांड्यावर आडवा ठेवला आणि गॅस बारीक केला.

"पोरी, मी काय सांगू त्याला?"

"जे माहीत आहे ते."

"मला काय माहीत आहे?" तो हळू आवाजात म्हणाला. "दर बुधवारी प्रार्थनेच्या वेळी मी विचारतो, देवाकडे कुणाची काही मागणी. कुणी आईचा गुडघा सांगतं, कुणी मुलाची नोकरी. तू हात वर करतेस आणि म्हणतेस, न बोललेली. मी अकरा वर्षं तुझ्या त्या न बोललेल्या मागणीसाठी देवापुढे उभा आहे. ती कशाची, ते तू मला कधी सांगितलं नाहीस."

चर्चची ही पद्धत डीनाच्या आजीच्या आधीपासूनची होती. ज्याला सांगायचं नाही त्याने हात वर करायचा, ‘न बोललेली’ म्हणायचं, आणि बाकीच्यांनी त्यावर एक अक्षर विचारायचं नाही. विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या खिडकीतून आत डोकावणं. तिने या आडोशाला इतकी वर्षं काढली होती आणि तो आडोसाच आता आड आला होता.

"तुम्हाला कळलं नव्हतं, असं सांगू नका."

"मला काय वाटायचं ते वेगळं. प्रॅटर विचारेल, तुम्हाला कुणी सांगितलं, तुम्ही काय पाहिलं. मी खोटं बोलणार नाही. मी एवढंच म्हणू शकतो की डीना हॉलब्रुक हात वर करायची."

भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता डीनाने हात वर केला. का केला ते तिलाही नंतर सांगता आलं नसतं. पिठाच्या टेबलासमोर, कोट अंगावर असताना, बुधवारसारखा हात वर.

"माझी मागणी आहे," ती म्हणाली. "वेंडलची."

आणि ती बोलायला लागली. सुरुवातीला अडखळत, मग भराभर. आधी गोळ्या, मग मेथ, आता मेथमध्ये आणखी काय मिसळलेलं असतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. तो चार-चार दिवस झोपत नाही, आणि झोपला की ट्रकमध्येच, दुकानाच्या आवारात. बसच्या पिशवीत मुलांच्या मलमपट्टीखाली ती नाकात मारायचा फवारा ठेवते, नशेने बंद पडलेला श्वास परत आणणारा. दोनदा मारावा लागला. दुसऱ्यांदा न्हाणीघरात, धाकटीच्या वाढदिवसाला, बाहेर केक कापायचा बाकी होता. मुलींना सांगितलं, पप्पांची साखर उतरली.

"साखर?" टेबलाच्या टोकाची बाई म्हणाली. तिला स्वतःला मधुमेह होता. "म्हणून तू मला त्याचं पथ्य विचारत होतीस?"

"हो."

"मी तुला बिनसाखरेच्या केकची कृती दिली होती की."

"केला मी तो."

"कसा झाला?"

"वाईट."

"वाईटच होतो तो," ती बाई म्हणाली, आणि आधी व्हर्ना हसली, मग सगळ्या, मग डोळे पुसता पुसता डीनाही. पिठाचे हात कुणाला कुठे पुसावेत कळेना.

"आम्हाला ठाऊक होतं गं," व्हर्ना म्हणाली. "माझं गवत कापायचं मशीन गेलं तेव्हाच ठाऊक होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलत नव्हतीस. तुझ्या घरातलं आधी तू बोलायचं, मग आम्ही."

ब्रदर एस्टिलने गॅस बंद केला. "आता मला सांगितलंय," तो म्हणाला आणि ॲप्रनची गाठ सोडायला लागला. ती सुटेना, तेव्हा व्हर्नाने कात्री चालवली.

तेवढ्यात डीनाचा फोन वाजला. वेंडल दररोज याच सुमारास करायचा. तिने उचलला, आधी यंत्राचा आवाज आला, हा कॉल तुरुंगातून आहे आणि तो ध्वनिमुद्रित होत आहे. तिला वाटलं, त्या यंत्रामागे कॉडिल बसलेला आहे, एक हात गाडीच्या चाकावर ठेवून.

"घेतलं का मला?" वेंडलने विचारलं.

"नाही घेतलं. तुला व्यसन नाही म्हणतात."

"मी तर नेहमीचंच सांगितलं," तो म्हणाला.

"माहीत आहे." डीनाने फोन दोन्ही हातांत धरला. पुढचा प्रत्येक शब्द तिला ओल्या फरशीवर पाय टाकल्यासारखा टाकावा लागत होता. "वेंडल, मी चर्चमध्ये आहे. करंज्यांच्या टेबलापाशी. मी यांना सांगितलं."

"काय सांगितलं?"

"सगळं."

"सगळं म्हणजे?"

"गोळ्यांपासून. न्हाणीघरातलंसुद्धा."

"साखरेचं?"

"साखरेचंपण."

टेबलाभोवतीच्या बाया कामाचं सोंग करत होत्या; एकजण रिकाम्या पोळीचे काठ दाबत होती.

"मला विचारायचंस तरी," वेंडल म्हणाला.

"किती वर्षं विचारत होते, वेंडल."

"कोण कोण आहे तिथे? व्हर्ना आहे?"

"आहे."

"तिला मशीनचं माहीत आहे?"

डीना उत्तर देणार तोच व्हर्ना टेबलाच्या पलीकडून ओरडली, "त्याला म्हणावं, गवत माझ्या कमरेला लागलंय." डीनाने फोनवर तळहात दाबला आणि डोळे मोठे केले. कॉल टेप होतोय हे व्हर्नाला उमगायला एक श्वास लागला. मग व्हर्ना फोनजवळ आली आणि लहान मुलाला समजवावं तशा स्पष्ट आवाजात म्हणाली, "ते मशीन मी दिलं होतं त्याला. ऐकणाऱ्याने ऐकून ठेवा."

फोनमधून एक आवाज आला. वेंडल हसला की रडला ते डीनाला ओळखता आलं नाही; तिला वाटलं, इतक्या वर्षांत हा आवाज त्याने पहिल्यांदाच केला असेल.

"डीना, तो प्रॅटर परत आला तर काय सांगू?"

हाच प्रश्न होता. उत्तर तिच्या जिभेवर होतं, आणि ते खरं होतं, आणि ते उच्चारलं असतं तर सगळं बुडालं असतं. ब्रदर एस्टिल तिच्याकडे पाहत उभा होता, ॲप्रनची नाडी हातात.

"ते मी नाही सांगणार."

"तू नेहमी सांगतेस."

"आज नाही सांगणार."

कॉलची मुदत संपत आल्याची घंटी वाजली. वेंडल म्हणाला, "बरं." मग कॉल तुटला.

त्यानंतरचं सगळं धावपळीत झालं. ब्रदर एस्टिल डीनाच्या गाडीत बसला. व्हर्ना मागे बसली, मांडीवर गरम करंज्यांचा ट्रे, कारण तिच्या मते कोर्टात रिकाम्या हाताने जायचं नसतं. उतारावर डीनाने ब्रेक दाबला की मागून आवाज यायचा, "अगं, शाळेची पोरं अशीच नेतेस का?" डीनाला हसू येत होतं. आपण बोललो, आणि छप्पर काही कोसळलं नाही, एवढंच तिच्या मनात फिरत होतं.

प्रॅटर कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर भेटला. उंच, वाकलेला, मनगटावर जुनं गोंदण. तो स्वतः पंधरा वर्षांपूर्वी याच ड्रग कोर्टाचे उपचार पूर्ण करून सुटला होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ब्रदर एस्टिल त्याच्याशी बाकावर बसून बोलला. वेंडलची आई वारली तेव्हा वेंडल शवपेटीला खांदा द्यायला आला होता आणि उभ्याउभ्या झोपला होता, हेही तो बोलला. त्या दिवशी सगळे दुःखाने थकलाय म्हणाले होते.

"हे आधी कुणी का नाही सांगितलं?" प्रॅटरने विचारलं.

"आमच्यात विचारत नाहीत," ब्रदर एस्टिल म्हणाला.

प्रॅटरने टोपी घातली आणि रस्ता ओलांडून तुरुंगात गेला.

डीना खिडकीशी उभी राहिली. ग्रेटा स्लोन फायली छातीशी धरून येरझारा घालत होती. तिने व्हर्नाला बाजूला घेऊन बजावलं, "तुमच्या घरातून काय काय गेलं ते कॉडिलसमोर काढायचं नाही. तो त्याचाही गुन्हा लावेल."

"काही गेलंच नाही तर काय काढणार?" व्हर्ना म्हणाली. "करंजी घे. किती वाळली आहेस."

बाराला थोडा वेळ असताना प्रॅटर परतला. त्याचा चेहरा पाहून काही कळत नव्हतं. आत जाताना तो स्लोनला एवढंच म्हणाला, "मी पहिला प्रश्न विचारला. पुढचे विचारायची वेळ आली नाही. तोच बोलत होता."

स्लोनने फायली डीनाच्या हातात कोंबल्या, दोन्ही मुठी आवळल्या, मग भान येऊन फायली परत घेतल्या.

आणि मग जिन्यावरून कॉडिल आला. बुटका, नीटनेटका, कोटाच्या खिशातून इयरफोनची पांढरी वायर लोंबत असलेला. तो व्हर्नासमोर थांबला.

"मशीन तुम्ही दिलंत म्हणे."

"दिलं."

"कधी?"

"ते जागेवर नाही हे कळलं ना, तेव्हा."

कॉडिलच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तो हसला नाही. त्याने डीनाकडे मोर्चा वळवला. "मिसेस हॉलब्रुक, मंगळवारी तुमचा नवरा महिन्यातून दोनदा म्हणतो. आज तो रोज म्हणतो, प्रॅटरने आत्ताच फोनवर सांगितलं. मधे घडलंय काय, तर तुमचा फोन. दोन्हींतलं एक खोटं आहे. मला सांगा, कोणतं, आणि मी ते का मानू."

"डीना, उत्तर देऊ नका," स्लोन म्हणाली.

डीनाला कोर्टाचा तो पट्टेरी गालिचा, व्हर्नाच्या ट्रेमधला दालचिनीचा वास, दाराआडचं बोलणं, सगळं एकदम लख्ख जाणवलं. सकाळपासून एक दार उघडत होतं, मग दुसरं, आणि आता हे तिसरं. तिला मागे फिरावंसं वाटलं नाही.

"मंगळवारचं खोटं," ती म्हणाली. "ते मी शिकवलेलं आहे. अकरा वर्षं मीच शिकवते. मुलांच्या खात्याची बाई आली तेव्हापासून. आजचा फोन तुम्ही ऐकलाय. आता मागच्या सोमवारचा ऐका. चाचणीच्या आदल्या दिवसाचा. त्यात मी त्याला म्हटलंय, नेहमीचं सांग, पाठीचं सांग. माझ्याच आवाजात आहे."

स्लोनने डोळे मिटून घेतले. ब्रदर एस्टिलने टोपी काढली.

"हे बोलल्याने तुमचं काय होऊ शकतं, कल्पना आहे?" कॉडिलने विचारलं. आवाज चढला नव्हता. "तुम्ही शाळेची बस चालवता."

"आहे कल्पना."

तो आत गेला, त्याच्यामागे स्लोन, आणि दार लागलं.

पाऊण तास ते दार उघडलं नाही. आतून एकदा कॉडिलचा आवाज आला, एकदा जज्ज बाईंचा, एकदा खुर्ची सरकल्याचा. नंतर रोझीन बेट्सचा समारंभ आला आणि सगळ्यांनाच मोठ्या दालनात जावं लागलं. रोझीन तीन मुलांसह पुढे उभी होती, नवा निळा पोशाख घालून. जज्ज बाई आसनावरून खाली उतरल्या, तिच्या हातात चौकटीतलं प्रमाणपत्र दिलं आणि तिला मिठी मारली. वकील, पोलीस, बेड्यांतले दोन कैदी, सगळे टाळ्या वाजवत होते. डीना सर्वांत मागे उभी राहून इतक्या जोरात वाजवत होती की व्हर्नाने कोपर मारलं. "अगं, ती काही तुझा नवरा नाही."

"जागा तर त्याची आहे."

"अजून नाही," स्लोन कानाशी म्हणाली.

टाळ्या थांबल्यावर जज्ज बाईंनी कागद उचलला आणि कोरड्या आवाजात वाचलं. वेंडल हॉलब्रुकच्या बाबतीत मंडळातले चार जण घेण्याच्या बाजूचे आहेत. सरकारी वकिलांनी सराईत गुन्हेगाराचं कलम मागे घेतलेलं नाही. त्यांनी सोमवारपर्यंत वेळ मागितला आहे. कलम आहे तोवर कोर्ट त्याला घेऊ शकत नाही. रिकामी झालेली जागा सोमवारी सकाळी नऊपर्यंत राखून ठेवण्यात येत आहे. ज्युरीची तारीख, सोमवार सकाळी नऊ, आहे तशीच राहील.

डीनाने हे स्लोनकडून पुन्हा एकदा समजून घेतलं. नंतर ती व्हर्नाला घरी सोडून, ब्रदर एस्टिलला चर्चपाशी सोडून, दुपारच्या फेरीला वेळेत बसवर हजर झाली.

वेंडलने संध्याकाळी फोन केला नाही. स्लोनने कळवलं की तो प्रॅटरशी बोलून आल्यापासून झोपलाय, आणि पहारेकऱ्याने दोनदा श्वास बघितला.

शुक्रवारी दुपारी कॉडिलच्या कचेरीने तुरुंगाकडे मागच्या सोमवारच्या कॉलचं ध्वनिमुद्रण मागितलं. साडेचारला ते त्याच्याकडे पोहोचलं. त्याने ते ऐकलं की नाही, हे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत स्लोनला कळलेलं नव्हतं. कलम अजून वेंडलच्या नावावर होतं. जागा रिकामी होती.